शीळ बंद झालेली खोली

नर्सने टॉवेलाची गुंडाळी सोडली आणि टेबलावर एक फोटो आपटला. चौकटीतून पाण्याचा ओघळ निघाला तो थेट भावजींच्या शेंगदाण्यांच्या पुडीत.

"माझ्या बाबांच्या फोटोंवर कोणीतरी पाणी ओततंय," ती म्हणाली. "कोण ते मला माहितीये. तुम्ही फक्त पकडून द्या."

"कोण?" वहिनींनी विचारलं.

"हाच माणूस."

फोटोत दात पडलेला एक मुलगा सायकलवर बसला होता. मागे कॅरिअरवर छोटी मुलगी त्याला घट्ट धरून.

"हा?" भावजी म्हणाले. "हा तर दुसरीत दिसतोय."

"आता वाढलाय!" नर्स फणकारली. "सख्खा भाऊ आहे माझा."

वहिनींनी हसू दाबलं. त्यांच्या नजरेमुळे अख्खी गल्ली त्यांना घार म्हणायची. भावजी त्यांचे धाकटे दीर. जन्मभर बस चालवली, रिटायर झाले, घरी बसून जीव उबगला म्हणून वहिनींच्या तपासाच्या धंद्यात शिरले. डोकं जरा सावकाश चालायचं, पण ब्रेक पक्के.

नर्सने भडाभडा सगळं सांगितलं. बाबा फोटोग्राफर, स्टुडिओ घरातच. ते गेले तरी मागची खोली तशीच ठेवली, भिंतीभर फोटो. इतकी वर्षं एक डाग पडला नाही. या थंडीत मात्र फोटो भिजायला लागले, बुरशी धरली. आणि भावाच्या बायकोला शिवणाच्या मशीनसाठी नेमकी तीच खोली हवीये.

"आज सगळे फोटो उतरवून नेणार. परत त्या घरात पाऊल नाही टाकणार. आईला भेटावंसं वाटलं तर तिने यावं माझ्याकडे."

"त्या चालतात?"

"काठी घेऊन. खोलीतल्या खोलीत."

तिघं नर्सच्या माहेरी पोचले तेव्हा बाहेर कोरडा, बोचरा वारा सुटला होता. फाटक धाडधाड आपटत होतं. घरात मात्र गोधडीत शिरल्यासारखी ऊब. आत पाऊल टाकताच भावजींच्या चष्म्यावर वाफ धरली.

"मी पाणी ओततो?" नर्सचा दादा दारातच भडकला. "आईचे गुडघे थंडीने आखडतात म्हणून भिंतींना फोमच्या पाट्या मारून घेतल्या. नव्या खिडक्या बसवल्या. बाबांची खोली तेवढी सोडली, कारण हिनेच खोडा घातला. म्हणे, बाबांच्या भिंतीला हात लावायचा नाही!"

"या माणसाला सांगा, ओरडू नको," नर्स भिंतीकडे बघत म्हणाली. सकाळपासून तिच्या तोंडून 'दादा' हा शब्द निघाला नव्हता, हे भावजींच्याही लक्षात आलं.

खिडकीच्या बिजागरीला तेल घालत सुतार बसला होता. वहिनींनी त्याला गाठलं. "पाणी तुझ्या खिडकीतून येत असेल."

"माझ्या?" सुताराला झोंबलंच. "बाई, ही खिडकी लावली की मुंगी आत येऊन दाखवू दे!"

"आणि बाहेर?"

"बाहेर कशाला जाईल ती? एवढी ऊब सोडून?"

स्वयंपाकघरात भांडं रटरटत होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्यांवर ओले कपडे. त्यांच्यामधून वाट काढत सून पुढे आली.

"खोली हवीये मला, तोंडावर सांगते," ती म्हणाली. "पण पाणीच ओतायचं असतं तर एका बादलीत काम उरकलं असतं. थेंब थेंब शिंपडत बसायला मला वेळ आहे का?"

"कपडे आत का वाळवता?"

"दार उघडलं की आई कुडकुडतात. म्हणून कपडे आत, स्वयंपाक आत, सगळं बंद दारात."

भावजींनी वाफ धरलेल्या खिडकीवर बोट फिरवलं. "थंडीत बस गच्च भरली आणि सगळ्यांनी खिडक्या लावल्या की माझी पुढची काच अशीच आंधळी व्हायची. मग मी ओरडायचो, एक तरी खिडकी उघडा रे!"

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही कधीकधी फार छान बोलता."

"मी काय बोललो?"

मागच्या खोलीत खुर्चीवर म्हातारी आई बसली होती, मांडीवर काठी आडवी.

"दार लोटा! आधी दार लोटा!" ती कळवळली.

भावजींनी घाईघाईने दार लावलं. थंडीला एवढी भिते म्हातारी, मग घरातल्या सगळ्यात गार खोलीत का बसते? प्रश्न डोक्यात आला आणि लगेच निसटला, कारण समोर तो लाल दिवा होता. ट्रे होते. फोटो धुवायच्या औषधांचा आंबूस वास अजून होता. आणि भिंतीवर, नव्या कोऱ्या युनिफॉर्ममध्ये, मिशी फुटू लागलेले ते स्वतः होते.

नोकरी लागली त्या दिवशीचा फोटो. भावजी छाती फुगवून काठीसारखे ताठ उभे होते आणि नर्सचे बाबा कॅमेऱ्यामागून म्हणाले होते, "अहो, श्वास घ्या! फोटो आहे, ऑपरेशन नाही." मग शीळ घालत या खोलीत शिरले होते. आता फोटोतल्या टोपीवर काळी बुरशी चढली होती.

"बाहेरच्या बाजूची भिंत ओली, आतली कोरडी," वहिनी पुटपुटल्या. "छत कोरडं. आणि इथे काय असायचं?"

एका रिकाम्या खिळ्याखाली भिंतीवर फिकट आकार उमटला होता, खाली दोन बंद लोंबत असल्यासारखा.

"बाबांचा एप्रन," नर्स म्हणाली. "कोणीतरी टाकून दिला असेल. इथे कोणाला काय किंमत!"

"आणि तो स्पीकर?" भावजींनी बाहेरच्या भिंतीत डोक्याच्या वर बसवलेल्या काळ्या लाकडी खोक्याकडे बोट दाखवलं.

"तो झरोका. आत नागमोडी फळ्या आहेत. फोटो धुताना उजेड नको असतो; तो अडतो, हवा जाते. बाबांनी स्वतः केलेला." नर्सचा चेहरा मऊ झाला. "वारा सुटला की शीळ घालायचा. आत बाबाही शीळ घालायचे. आम्ही दाराबाहेर बसून पैजा लावायचो, कोणती शीळ कोणाची." 'आम्ही' म्हटल्यावर तिने जीभ चावली.

बाहेर फाटक पुन्हा आपटलं. वहिनी टाचा उंचावून खोक्याकडे बघत होत्या. त्याच्या तोंडाशी, धुळीत, बाटलीच्या बुचाएवढे गोल गोल ठसे होते.

"सगळ्यांना बोलवा," त्या म्हणाल्या. "आणि एका ग्लासात बर्फ आणा."

सगळे मागच्या खोलीत जमले. वहिनींनी स्टीलचा ग्लास कोरडा पुसून उघड्या दारापलीकडे, उबदार खोलीतल्या स्टुलावर ठेवला. थोड्याच वेळात त्याच्या बाहेरून थेंब ओघळले.

"हे पाणी कोणी ओतलं?"

भावजींनी ग्लास उचलून तळ पाहिला. कुठे भोक नव्हतं.

"हवेनेच," वहिनी म्हणाल्या. "आपले श्वास, ती उकळती भांडी, ते ओले कपडे, सगळ्याची वाफ या हवेत आहे. गार वस्तू भेटली की वाफेचं पाणी होतं. पूर्वी ती फटींतून निघून जायची. दादांनी आईसाठी फटी बुजवल्या. घराला स्वेटर घातला, चांगलं केलं. पण नाकही दाबलं. सुतार म्हणाला तेच, मुंगी बाहेर जाणार नाही. वाफ तरी कुठून जाईल?"

"मग माझी भिंतच का भिजते?" नर्सने विचारलं.

"कारण ती एकटीच उघडी राहिली. तुमच्या हट्टामुळे. अख्ख्या घरात तीच बर्फाचा ग्लास झाली."

नर्सने मान खाली घातली.

"तरी निभावलं असतं," वहिनी म्हणाल्या. "घराला एक नाकपुडी शिल्लक होती. तो झरोका. पण आज एवढा वारा सुटलाय, फाटक आपटतंय, आणि शीळ कुठेय? एप्रन कुठेय? आणि खोक्याशी ते गोल ठसे कशाचे?"

सगळ्यांची नजर हळूहळू म्हाताऱ्या आईच्या काठीवर गेली. काठीच्या टोकाला रबराचं गोल बूच होतं.

"आई?" दादाला विश्वास बसेना.

म्हातारी काठी चोळत राहिली. "घर घट्ट बंद झालं आणि यांचा वास परत यायला लागला," ती म्हणाली. "त्या औषधांचा. वाटलं, आहेत आत, फोटो धुतायत. मग वारा सुटला की त्या भोकातून सगळा वास जायचा. म्हणून यांचाच एप्रन काठीने कोंबला. मला काय माहीत, फोटोच रडतील?"

सून पुढे झाली आणि सासूच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"सकाळ-संध्याकाळ खिडक्या थोडा वेळ उघडा," वहिनी हळूच म्हणाल्या. "स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा, कपडे बाहेर वाळवा. मग या भिंतीलाही पाट्या मारा, फोटो त्यांच्यावर लावा. पण आधी झरोका."

"उघडला की वास जाईल ना गं?"

भावजींनी हात वर केला आणि खोक्यात बोटं घालून ओढलं. काळा, चुरगळलेला एप्रन बाहेर आला. त्यांनी तो म्हातारीच्या मांडीवर ठेवला. तिने चेहऱ्याशी नेला आणि डोळे मिटले.

"यातच आहे की," ती म्हणाली. "सगळा यातच आहे."

तेवढ्यात वारा आला आणि झरोका वाजला. बारीक, लांब, चिरकी शीळ.

"बेसूर," दादा म्हणाला.

"बाबा तरी कुठे सुरात घालायचे?" नर्स म्हणाली आणि हसताहसता तिचे डोळे गळायला लागले.

मग तिने टॉवेलातला फोटो काढला, सायकलवरच्या त्या दोघांना पदराने कोरडं पुसलं आणि आतल्या, कोरड्या भिंतीपाशी जाऊन जागा शोधू लागली.

"दादा," ती म्हणाली, "हातोडी कुठेय?"