चमचाभर पाणी

“नातेवाईक रडत असले तर रडू दे. पण त्यांच्या हातात काय आहे, ते आधी बघ!” सरिता सिस्टरांनी नोकरीच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

अतिदक्षता विभागात ड्युटीवर असलेल्या संस्कृतीला ते आठवलं खरं... पण तोवर चमचा रिकामा झाला होता.

“अहो! काय पाजलंत त्यांना?”

“गोदावरीचं पाणी... आईनं पैठणहून दिलं,” काकासाहेबांच्या उशाशी उभा असलेला त्यांचा मुलगा गडबडला. चार दिवसांपूर्वी बिडकीनजवळ ट्रकनं उडवल्यापासून काकासाहेब बेशुद्ध होते. “बाबांचे ओठ लई सुकले होते हो.”

“त्यांना गिळता येत नाही. पाणी छातीत उतरतं!”

तो पांढराफटक पडला. तिनं नळीनं काकासाहेबांचा घसा साफ केला, डॉक्टरांना बोलावलं. तरी संध्याकाळी ताप चढलाच. न्यूमोनिया.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी तो दाराशीच थबकला. कृष्णा त्याचं नाव, एसटीत कंडक्टर.

“पुढं सरका, पुढं जागा आहे,” ती हळूच म्हणाली.

तो कसनुसा हसला. “हे आमचं वाक्य आहे, सिस्टर.” त्याचे ओठ फुटले होते. “बाबांना पाणी मिळेपर्यंत मी पण नाय घेणार.”

“अन् चक्कर येऊन पडलात तर? माझ्याकडं खाट रिकामी नाही.”

“तुमचा सोमवारचा उपास व्हय? डबा उघडलेला दिसला नाय.”

“मी पाणी पिते. ज्याच्या डोक्यावर सदा धार, तो महादेव कुणाला तहानलेलं ठेवील का?”

तिनं बाटली पुढं केली. नजरा भिडल्या... तिनंच पापण्या झुकवल्या. त्यानं बाटली एका दमात संपवली.

नवव्या दिवशी ताप उतरला. मग काकासाहेबांनी डोळे उघडले. आणखी पंधरवड्यानं घट्ट पेजेचा पहिला घास त्यांनी नीट गिळला, तेव्हा कृष्णा खिडकीकडं तोंड करून बराच वेळ उभा होता.

घरी सोडायच्या दिवशी तिनं बजावलं, “पातळ काही द्यायचं नाही. बसवून, हनुवटी खाली घेऊनच भरवायचं.”

“आई माझं ऐकायची नाय. तुम्हीच या ना समजवायला... रविवारी.”

“एवढंच सांगायला?”

“तिला तुम्हाला बघायचंय. अन् मला जे बोलायचंय, ते... बिडकीन ते पैठण रोज पाठ करतोय. उतरलो की विसरतो.”

तिचे कान तापले. “येईन,” एवढंच म्हणाली.

रविवारी पूजा आटोपून, घरी कुणाला फारसं न सांगता ती बसस्थानकावर आली. खिडकीजवळची जागा मिळाली.

“कुठं, ताई?” एका पोक्त कंडक्टरनं विचारलं.

“पैठण,” ती म्हणाली, आणि पदर सावरून बसली.