येतो, दादा

शटर अर्ध्यावर ठेवलंय. लाइट येईपर्यंत बसा इथेच, पोरांनो. आणि ती मेणबत्ती टेबलावर चिकटवा, वार्निशच्या डब्याजवळ नको. नाहीतर सगळ्यांची एकदमच सोय कराल.

परवा माझ्या पाठीमागे काय म्हणालास रे तू? ‘आपण निघताना येतो म्हणतो, तर म्हातारा साधं ये म्हणत नाही. तिरसट आहे.’ ऐकलं मी. उभा जन्म मोटरींचं वाइंडिंग करण्यात, त्यांच्या घरघरीत गेला, पण कान शाबूत आहेत माझे.

मग आज ऐकाच. आणि सगळं ऐकीव नाही. शेवटच्या रात्री मी त्या खोलीच्या दारात उभा होतो.

सुरुवात साध्या कामाने झाली. मागच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानात एक माणूस कामाला होता. त्याने मला घरी एक जादा प्लग पॉइंट काढायला बोलावलं. दिवसभर मालकाचं ‘हे काढ, ते ठेव’ ऐकणारा, कुणाला उलट उत्तर न देणारा माणूस. त्याला सगळे कप्तान का म्हणतात, ते मला कळायचं नाही. म्हटलं, चेष्टेने म्हणत असतील. वरच्या खोलीत गेलो आणि उलगडा झाला.

भिंतीवर हा एवढा मोठा पडदा. त्यावर काळंभोर आकाश. खाली दोन कॉम्प्युटर, एकापुढे तो, एकापुढे त्याची बायको. अंतराळातलं जहाज चालवायचा गेम होता तो. तुमच्यासारखा एकट्याने ढिशांव ढिशांव नाही. तिथे प्रत्येकाची जागा ठरलेली. जहाज वळवायचं काम बायकोकडे. ती शिवणकाम करायची, हात कसा स्थिर. कप्तानच्या हातात एकही बटण नाही, त्याने नुसते हुकूम सोडायचे. आणि इंजिनावर त्याचा धाकटा भाऊ, बारक्या.

बारक्या घरी नसायचा. गावाबाहेरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तो मशीन ऑपरेटर होता आणि मशीनरूमला लागून असलेल्या खोलीत राहायचा. तिथूनच हेडफोन लावून बसायचा. जहाजाची सगळी ताकद वेग, कवच आणि हवा यांत वाटायची, हे त्याचं काम. एकीकडे वाढवली की दुसरीकडे कमी पडणार. आपल्या घरखर्चासारखंच.

“दिवसभर घरात माझा हुकूम,” बायको मला हसत म्हणाली, “शनिवारी रात्री यांचा. चालायचंच, काका.”

जहाजाची शिस्त मात्र कडक. हुकूम मिळाला की तो जसाच्या तसा उलटून म्हणायचा, काम करायचं, मग म्हणायचं ‘झालं’. ‘कवच वाढव.’ ‘कवच वाढव. झालं.’ आणि कप्तानने सोडल्याशिवाय जागा सोडायची नाही. पाणी प्यायचं तरी विचारून.

मी तिथे वायर ओढत होतो आणि स्पीकरवर बारक्याचं ‘झालं, झालं’ ऐकत होतो. मला गंमत वाटली. आई-बाप गेले तेव्हा तो शाळेत होता. कप्तानने त्याला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. दादाचा शब्द म्हणजे त्याला काळ्या दगडावरची रेघ. खेळ संपला की तो म्हणायचा, “येतो, दादा.” कप्तान म्हणायचा, “ये.” मध्ये अख्खं गाव आणि फोनची तार, तरी रोजचं दारातून निघाल्यासारखं.

डिसेंबरातला दुसरा शनिवार. थंडी मी म्हणत होती. हे पुढचं मला कप्तानने स्वतः सांगितलंय, अगदी भिंतीकडे तोंड करून.

त्या गेममध्ये दगडांचा एक पट्टा होता. कितीतरी महिने त्यांचं जहाज तिथेच फुटत होतं. त्या रात्री पहिल्यांदा ते अर्ध्याच्या पुढे गेले. दगड दोन्ही बाजूंनी येतायत, बायको जहाज वळवतेय, कप्तानच्या अंगात वारं शिरलंय. तेवढ्यात बारक्या म्हणाला,

“दादा, वास येतोय. जरा जाऊन बघू?”

अमोनियाचा वास. त्या प्लांटमध्ये थोडा वास नेहमीचाच असतो. कप्तानला तेवढंच आठवलं. इंजिन सोडलं की जहाज गेलं, हेही आठवलं.

“जागा सोडायची नाही.”

“दादा, जरा जास्तच येतोय...”

“म्हटलं ना! जागा सोडायची नाही!”

“जागा सोडायची नाही. झालं.”

मग तो खोकत होता. खोकत खोकत हुकूम उलटून म्हणत होता. जहाज पट्ट्यातून बाहेर पडलं. कप्तान खुर्चीवरून उडालाच. “बारक्या, सुटलो रे! सुटलो!”

पलीकडून काही नाही.

मशीनरूममधला पाइप फुटला होता. सकाळी लोक आत शिरले, तेव्हा बारक्या खुर्चीत होता. दार दोन पावलांवर, नुसतं लोटलेलं. बाकीचे कामगार वास आल्या आल्या पळाले होते, सगळे वाचले. हा पळायला उठलाच नव्हता. हेडफोन कानावर. हात बटणांवर.

...

मेणबत्ती सरळ कर. मेण सांडतंय.

बारक्याचं सामान आणायला कप्तानचे पाय वळेनात. मीच टेम्पो घेऊन गेलो. एक ट्रंक, अंथरूण आणि तो कॉम्प्युटर. “काका, ते घरात नको,” कप्तान म्हणाला. म्हणून मी ते इथे ठेवलं. त्या वरच्या फळीवर. तिकडे नका बघू, आता नाहीये तिथे. आणताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्याच्या खोलीतलं जेवढं म्हणून पितळ होतं, दाराची कडी, ट्रंकेचं कुलूप, ते सगळं निळं पडलं होतं. अमोनिया लोखंडाला काही करत नाही, तांब्या-पितळेला मात्र खातो. म्हणून त्या प्लांटमध्ये तांब्याचा पाइप कधी दिसायचा नाही तुम्हाला.

महिना-दीड महिना गेला. कप्तान कामावर जायला लागला. रात्री मात्र वर जाऊन तो पडदा लावायचा आणि बघत बसायचा. पडद्याच्या कोपऱ्यात तीन दिवे असतात, जागा भरलेली असली की हिरवा, रिकामी असली की लाल. इंजिनाचा लाल. जहाज जागच्या जागी उभं.

एका रात्री तो सहज, स्वतःशीच बोलावं तसा म्हणाला, “बारक्या, वेग वाढव रे.”

दिवा हिरवा झाला.

“वेग वाढव. झालं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडतोय तोच हा माझ्यापुढे. डोळे लाल. “काका, तुम्ही ते मशीन चालू केलंत का? खरं सांगा.”

“वेडा की खुळा तू? फळीवर पडलंय. वायरसुद्धा लावलेली नाही.”

तो हसला. मला त्याचं ते हसू आवडलं नाही. तो गेल्यावर मी स्टूल घेऊन वर चढलो. कॉम्प्युटरवर धूळ होती तशीच होती. शेजारी तांब्याच्या तारेचं नवं कोरं बंडल ठेवलं होतं. ते निळं पडलं होतं.

हे मी त्याला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

पुढे काय, त्याला भाऊ परत मिळाला होता. रोज रात्री वर. जेवणावर वासना नाही, दुकानात उभ्या उभ्या डुलक्या. बायको विचारायची, तर म्हणायचा, “तो आहे गं. झालं म्हणतो.” तिला वाटलं, दुःखाने डोकं फिरलं. मग एका शनिवारी ती स्वतः आपल्या जागेवर जाऊन बसली. आणि तिनेही ऐकलं.

तिने आणखी एक ऐकलं. कप्तान ऐकून न ऐकल्यासारखं करत होता ते. दर ‘झालं’नंतर बारक्या हळूच म्हणायचा,

“दादा, हवा कमी आहे.”

कप्तान लगेच पुढचा हुकूम सोडायचा. जहाजाला हवा द्यायचा हुकूम त्याने देऊन पाहिला होता. “हवा वाढव. झालं.” आणि परत, “दादा, हवा कमी आहे.”

फेब्रुवारी संपायला आला होता. शेवटचा शनिवार. रात्री तिचा मला फोन. “काका, या. हे सकाळी खुर्चीतच सापडले. ओठ काळेनिळे. डॉक्टर म्हणतात छातीत गॅस गेलाय. आणि आता परत वर जाऊन बसलेत. माझं ऐकत नाहीत.”

मी गेलो. बाहेरच्या दाराची पितळी कडी धरून मी स्वतः दार लोटलं आणि आत शिरलो. लख्ख होती. हे लक्षात ठेवा.

जिन्यातच डोळे चुरचुरायला लागले. वर दारापाशी थांबलो, पुढे जाववेना. पडद्याचा तेवढा उजेड. कप्तान खोकतोय. कोपऱ्यात तीनही दिवे हिरवे.

“दादा, हवा कमी आहे.”

मी ऐकलं. स्पीकरमधून. या कानांनी.

“कवच वाढव,” कप्तान म्हणाला.

“कवच वाढव. झालं. दादा, हवा...”

बायको तिच्या जागेवरून उठली. जागा सोडली तिने, न विचारता. त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

“अहो, तो तुमच्या ओढीने नाही आलेला. तुम्ही बसवलाय त्याला. तो अजून त्या खोलीतच आहे. त्याला सोडा.”

“सोडला तर जाईल गं.”

“गेलाय तो! श्वास कोंडून बसलाय तिथे, तुमच्या एका शब्दासाठी. लहानपणी उन्हात उभं केलंत, तर चक्कर येऊन पडेपर्यंत उभा राहिला होता ना? तुम्हीच सांगितलंत मला. आता तरी सोडा!”

कप्तान रडायला लागला. मोठा माणूस तसा रडताना मी पाहिला नव्हता. माझेही डोळे वाहायला लागले. वासाने म्हणा, कशानेही म्हणा.



मग तो म्हणाला, “बारक्या.”

तो पडद्याकडे झुकला.

“जागा सोड.”

स्पीकरमध्ये नुसती खरखर.

“जागा सोड, बाळा. माझं चुकलं. ऊठ. जा.”

“जागा सोड...” आवाज अडला. “...झालं.”

दिवा लाल झाला.

वास गेला. म्हणजे एकदम. खिडकी उघडल्यासारखा. मी श्वास घेतला. संपलं, असं वाटलं मला.

आणि मग. दिवा लालच होता. स्पीकरमधून. अगदी रोजच्यासारखं.

“येतो, दादा.”

आता तुम्ही सांगा. आपल्याकडे कुणी ‘जातो’ म्हणतं का? मरणाच्या दारातला माणूसही म्हणत नाही. आणि ‘येतो’ म्हटलं की समोरचा काय म्हणतो? विचार करतो का? जिभेला वळणच पडलेलं असतं. डोळे पुसता पुसता कप्तान म्हणाला,

“ये.”

...

बायकोने तोंडावर हात दाबला. कप्तानने तिच्याकडे पाहिलं. मग त्याला कळलं. मला त्याच्याआधी कळलं होतं.

तो उलटून म्हणाला, ते आम्ही तिघांनीही ऐकलं.

“ये. झालं.”

मी निघालो. निघताना ‘येतो’ म्हणालो नाही. तेव्हापासून मी ‘येतो’ म्हणत नाही आणि कुणाला ‘ये’ही म्हणत नाही.

पडदा, कॉम्प्युटर, सगळं त्यांनी भंगारात घातलं. माझ्या फळीवरचंही मी देऊन टाकलं. आठवडा बरा गेला. कप्तान जेवायला लागला, झोपायला लागला. मीही म्हटलं, मनाचे खेळ.

पुढच्या शनिवारी ती दुकानात आली. तिच्या हातात शिवायचं कापड होतं, ते नुसतंच चुरगळत होती.

“काका, आमच्या दाराची कडी बघता का जरा?”

गेलो. दाराची बाहेरची कडी निळी पडली होती. सगळी नाही. चार बोटं आणि अंगठा बसेल एवढीच.

मी खिशातून पॉलिश पेपर काढला आणि घासली. लख्ख केली. ती जिन्यात उभी होती. वरून कप्तानच्या खोकल्याचा आवाज येत होता. मी तिला म्हटलं, “हवेनेही होतं असं कधी कधी, पोरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी परत गेलो, राहवेना म्हणून. बाहेरची कडी मी ठेवली तशीच होती. सोन्यासारखी चमकत.

मी दार ढकललं. आतली कडी निळी होती.