दोरीच्या आतलं पाऊल

अंधार पडायच्या आत टेकडीवरची जमीन झाकून यायचं, एवढंच काम होतं. कापड अंथरायचं, वर वाळू पसरायची. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या झोपडीची ती जमीन. ऊनवाऱ्याने तिचा भुगा होऊ नये म्हणून रोज झाकावी लागे. आधी हे दादा करायचा. मागच्या महिन्यात उतार ढासळला, दादा त्याखाली गेला, आणि फावडं धाकट्याच्या हाती आलं.

"दोरीच्या आत पाय टाकू नकोस," उत्खननाच्या बाईंनी खालीच बजावलं होतं. "आज नवा थर उघडलाय. त्यात पावलं उमटलीत."

"पळून जातील का, बाई?"

"तू धसमुसळा, म्हणून सांगते. तुझा दादा मांजरासारखा चालायचा."

फावडं उचलून तो टेकडी चढू लागला.

वर वारा पडला होता. विटेसारख्या कडक जमिनीत एकच पाऊल दिसत होतं. शेजारी सगळं सपाट. वाकून पाहिलं, तर पावलाला करंगळी नव्हती.

दादालाही नव्हती. लहानपणी कुऱ्हाडीखाली गेली होती. एकाच खाटेवर दोघं उलटसुलट झोपायचे. ते पाऊल वर्षानुवर्षं याच्या गालाशी असायचं.

मग कसली दोरी नि कसलं काय! चपला काढून तो आत शिरला, आणि त्या पावलाशेजारी त्याने आपलं पाऊल टेकवलं.

जमीन दबली. मऊ, ओली... कोमट. त्या झोपडीच्या, कधीच विझलेल्या चुलीतून धुराचा वास आला. आणि अगदी पाठीशी कुणीतरी कुजबुजलं,

"हळू... आई जागी होईल."

रात्री उशिरा घरी शिरताना दादा हेच म्हणायचा.

त्याने मागे पाहिलं नाही. अनवाणीच खाली बाईंकडे धावत सुटला.

"चुकलं, बाई... पाय पडला माझा. नवा ठसा उमटला."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी फोनवर सकाळचा फोटो उघडला. "कुठे? दाखव."

फोटोत दोन पावलं होती. एक करंगळी नसलेलं. शेजारी दुसरं, लहान, वाकड्या अंगठ्याचं. त्याचंच.

"ही दोन्ही तर सकाळपासून आहेत," बाई हलकेच हसल्या. "भाऊ असावेत. आत जाताना उमटलेली. बाहेर येणारं एकही अजून सापडलं नाही."

त्याने खाली पाहिलं. उजव्या तळपायाची माती अजून ओलीच होती... आणि कोमट.