मिठाचं काही नाही, जी!

दुकानासमोरच वसंतच्या चपलेचा अंगठा तुटला. हातांत सिनेमाच्या रिळांचे डबे घेऊन तो लंगडत नागपूरच्या सदर भागातल्या ल्यूंच्या बुटांच्या दुकानात शिरला. समोर ल्यूंची लेक सूलान होती. तिला पाहून तो चप्पल विसरलाच.

"तुम्ही... चिनी आहात?"

"नाही जी, नागपूरची आहो. काहून?"

धरमपेठेतल्या त्याच्या फिल्म क्लबात रविवारी परदेशात स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबाचा सिनेमा होता. बाप चीनमधून आलेला, लेक परदेशातच जन्मलेली. खाली इंग्रजी अक्षरंच नव्हती. "तुम्ही माइकवर मराठीत सांगाल?"

सूलानला चिनीतलं फक्त 'जेव' आणि 'गप बस' येत होतं. पण तो असा आशेनं पाहत होता, की... "सांगीन ना," ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

मग सरावाच्या नावाखाली वसंत आठवडाभर येत राहिला. सराव शून्य, चहा मात्र रोज दोनदा. तिचे बाबा, ल्यूकाका, मागं बसून बूट शिवत राहिले. तिच्यासाठी कलकत्त्याचं चिनी स्थळ त्यांनी जवळजवळ पक्कं केलं होतं.

रविवारी पडद्यावरचा बाप लेकीवर गरजला. सूलाननं घसा खाकरला. "बाप म्हणून राहिला, वांग्याच्या भाजीत मीठ काहून नाही?"

लेक ढसाढसा रडली.

"लेक म्हणते... मीठ संपलं."

हॉल खदखदून हसला. तेवढ्यात मागची खुर्ची सरकली. बाबा! ल्यूकाकांनी येऊन माइक घेतला.

"मिठाचं काही नाही, जी. पोरीले परजातीचा पोरगा आवडला. बाप नाही म्हणते."

वसंतकडे पाहायची सूलानची हिंमत होईना.

शेवटी पडद्यावरचा म्हातारा बराच वेळ बोलला. ल्यूकाका थांबत थांबत सांगू लागले, "म्हणते... माह्या बापानं देश सोडला, तवा मले कोणी विचारलं नाही. तुले मी विचारतो. आवडते ना? मंग कर त्याच्याशीच."

दिवे लागले. वसंत जवळ आला. "तुम्हाला चिनी येत नाही, हे मला पहिल्या चहालाच कळलं होतं."

"मंग माइक काहून देल्ला?"

"तुम्ही रोज भेटाव्यात... म्हणून."

"आता माइक नसला तरी या," ती पुटपुटली आणि पळालीच.

घरी जाताना रिक्षात तिनं हळूच विचारलं, "बाबा, तो म्हातारा खरंच असं म्हणाला?"

"मले काय मालूम वं!" ल्यूकाका म्हणाले. "ते कँटनची बोली बोलून राहिले होते. आपली बोली हाक्का, येगळीच. मले एक अक्षर समजलं नाही."