टोपलीतल्या लाल छत्र्या

"मामानं बाहेरून कडी लावली," सार्थक दार हलवून म्हणाला. "पाहुणे जेवेपर्यंत आपण इथंच."

"तंबूच्या दोऱ्या कुणी सोडल्या? मी?" तेजल म्हणाली.

गणपतीच्या सुट्टीत ही भावंडं पवनानगरला अतुलमामाच्या कॅम्पवर आली होती. कोठीची खोली अरुंद होती. तांदळाची पोती, कोपऱ्यात गॅसची टाकी, आणि वर जेमतेम हात जाईल एवढा झरोका. टाकीची नळी भिंतीतून पलीकडच्या स्वयंपाकघरात गेली होती. पत्र्यावर पाऊस बडवत होता, बाहेर स्पीकर लावलेला. दोघं ओरडून दमली. कुणालाही ऐकू गेलं नाही.

तेजल पोत्यावर बसायला गेली आणि थबकली. तिथं एक टोपली होती. आत लालभडक टोप्यांची अळंबी.

"ही मामानं सकाळी डोंगरातून आणली," सार्थक म्हणाला. "निम्मी रश्श्यात गेली. पाहुण्यांना गावरान चव हवीय ना."

"लाल म्हणजे विषारी?" त्यानंच पुढं विचारलं.

"रंगावरून काही ठरत नाही," तेजल म्हणाली. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं अळंबीवर प्रकल्प केला होता. "खालून बघ. पाती पांढरी. देठाला झालरीसारखं कडं. पण बूड कुठाय?"

सगळी अळंबी कोयत्यानं जमिनीलगत कापलेली होती. दोघांनी टोपली पोत्यावर उपडी केली. तळाशी एकच अळंबी मातीसकट उपटून आलेली सापडली. तेजलनं बोटानं माती काढली. देठाचं बूड फुगलेलं होतं आणि त्याभोवती फाटक्या पिशवीसारखी पांढरी वाटी होती.

"कडं आणि वाटी, दोन्ही," ती म्हणाली. "या जातीतली काही जीवघेणी असतात. शिजवूनही विष जात नाही."

सार्थकनं पोत्यावर चढून झरोक्यातून पाहिलं. बाहेर ताटं मांडली जात होती. त्यानं उतरून दारावर लाथा घातल्या. दार हललंही नाही.

"दार राहू दे," तेजल म्हणाली. "रस्सा उकळतोय कशावर?"

सार्थकनं टाकीकडे पाहिलं. पुढच्या क्षणी त्यानं रेग्युलेटर बंद केला.

दोघं श्वास रोखून थांबली. एक मिनिट. दोन. मग कडी वाजली.

"ग्यास संपला का काय," म्हणत स्वयंपाकीण शकुबाई आत आली. "आगं बया, तुमी हितं?"

"मावशी, रस्सा वाढला का?"

"न्हाई अजून. का गं?"

तेजलनं अळंबी पुढं केली. शकुबाईनं बुडाची वाटी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "आमी फकस्त वारुळावरची खातो. मालकांनी कापून दिली, मला बूड कुटं दिसलं?"

तेवढ्यात अतुलमामा तणतणत आला. "जेवण कुठंय? आणि यांना कुणी सोडलं?"

शकुबाईनं अळंबी त्याच्या डोळ्यांसमोर धरली. तेजलनं सगळं सांगितलं. मामा खाली बसला.

"बाहेर चौदा माणसं आहेत," तो पुटपुटला. "त्यातली चार तर तुमच्याएवढी."

"पोरगी बुडापातुर बघती, मालक," शकुबाई म्हणाली. "तुमी नुसता रंग बघितला. उठा, रस्सा पुरायला खड्डा काढा. मी पिठलं टाकते."

मामानं कुदळ उचलली. पण आधी तो पाहुण्यांकडे गेला, स्पीकर बंद केला, आणि जेवणाला उशीर का झाला ते काहीही न लपवता, भाच्यांची नावं घेऊन सांगितलं.