ऑडिटची रात्र, मोहाडी

मंगेश बाबू, नोकरीचं लेटर आलं म्हनून पेढे वाटले ना तू? मस्त होते. आता बस अन ऐक. मनानं नाई सांगत मी. अनुपनं सोता मले सांगितलं.

अनुप म्हंजे आमच्या शेजारच्या रत्नमालाबाईचा एकुलता एक. पुन्याले, हिशोब तपासनाऱ्या मोठ्या कंपनीत. चांगलं झालं होतं त्याचं, खोटं काहून बोलू? घरावर स्लॅब पडला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नागपूरले कंपनीच्या इन्शुरन्सवर झालं. मोहाडीतले मायबाप त्याचं नाव घेऊन आपल्या पोट्ट्याइले शिव्या देत. पन सुट्टी? सप्टेंबरात तर नावच काढू नको. ऑडिटची शेवटची तारीख रायते ना.

त्याच सप्टेंबरात रत्नमाला गेली. हा म्हने, "फाइल पाठवतो अन निघतो." पोचला तवा आमी मोक्षधामावरून परत आलो होतो. रडला नाई. चहा पेला, लॅपटॉप उघडला. लई राग आला मले. ऑफिसातबी आई गेल्याचं कोनाले सांगितलं नोहोतं त्यानं. 'घरचं काम' एवढंच लिवलं. सांगितलं असतं तर काम दुसऱ्याले गेलं असतं, अन त्याच्यासंगं प्रमोशन.

मंग बारा ऑक्टोबर २०२३, गुरुवार. आईच्या मृत्यूचा दाखला न्यायले एका रात्रीसाठी आला. जेवला आमच्याइकडे. घरी जाऊन आतून कडी लावली. अमेरिकेच्या पार्टीचं काम होतं, मीटिंग रात्री दीडले. कॅमेरा चालू ठेवा लागे.

मीटिंग संपली. त्याच्या टीममधली रीना तेवढी लाइनवर होती, पुन्याहून. ती म्हने, "अनुप, काकू अजून जाग्या आहेत?"

"कोन काकू?"

"तुझ्या मागे उभ्या आहेत त्या. आई ना तुझी?"

यानं स्क्रीनवर आपली चौकट पायली. मागे भिंत. बस.

"डोक्यावरून हात फिरवतायत तुझ्या..."

मागे वळाचं होतं. वळला नाई. एक कागद बाकी होता.

"दोन मिनिटं," म्हने. कोनाले म्हनला, त्याले ठाऊक.

रीना स्क्रीनकडे वाकली.

"अनुप... त्या बोलत का नाहीत?"

हा लिवून राहिला.

"अनुप..."

तिनं कॅमेरा बंद केला.

पावने तीन. फाइल पाठवली. मंग मागे पायलं. कोनी नाई. कडी आतून तशीच. निजला.

सकाळी चहाले आला तवा हे सगळं सांगितलं. बातम्या वाचल्यावानी.

मी म्हटलं, "भेव नाई वाटलं बाबू?"

"नाई काका. काईच नाई वाटलं. आई गेली तवाबी नाई. त्याचंच भेव वाटते."

माही बायको शकुनबाई चहा घेऊन आली अन तिथंच थबकली. त्याचं डोस्कं पाहे. केस चपचपीत तेलानं बसवलेले. मधोमध भांग. शाळेत जातांनी रत्नमाला पाडे, तसाच.

"तेल कवा लावलं रे?" शकुन म्हने.

अनुपनं डोस्क्यावर हात नेला. बोटं पायली. वास घेतला... अन खाली बसून रडला. लई वेळ रडला.

मंग मी त्याच्या घरी जाऊन पायलं. खोली, मोरी, कपाट. रत्नमालाचं सामान आमीच वाटून टाकलं होतं. तेलाची शिशी घरात नोहोती.