आठ काडेपेट्या आणि एक टाकी

"अध्यक्षसाहेब, पाणी द्वारकाकाकूंनी नाही, तुम्ही पळवलंय!"

प्रेरणा जिन्यातून ओरडली, तशी बजाजनगरातल्या त्या चार मजली इमारतीची दारं धडाधड उघडली. सातवीतली पोरगी, अन् सोसायटीच्या अध्यक्षांना चोर म्हणते!

ती उगाच भडकली नव्हती. द्वारकाबाई वाळूजच्या कामगारांना जेवणाचे डबे पुरवायच्या. "यांच्या डब्यांपायीच टाकी सकाळीच रिकामी होते. चोरून पाणी ओढतात!" असं म्हणत साहेबांनी आज त्यांच्या नळाला बूच ठोकलं होतं. ना विचारपूस, ना पुरावा! पाणी नाही तर डबे नाहीत. डबे नाहीत तर द्वारकाबाईंनी अन् त्यांच्या सत्यमनं खोली सोडून गावी निघायचं.

"माझी आई चोर नाय!" तेव्हा सत्यम हुंदके देत होता.

"रडू नको बे, आधीच पाण्याची बोंब आहे!" त्याचा दोस्त सम्यक म्हणाला. "गच्चीवर चल. चोरीचा पाईप असंल तर दिसंलच!"

प्रेरणासह तिघं गच्चीवर धावले. पाईप सापडला नाही, गळतीही नाही. जुनी टाकी गंजली म्हणून गेल्याच महिन्यात ही नवी बसवली होती. स्लॅबवर भार नको, म्हणून साहेबांनी निम्म्या पाण्याची करवली होती.

"हे बघा!" प्रेरणा थबकली. जुन्या टाकीच्या गंजाचा डाग फरशीवर अन् मागच्या भिंतीवर तसाच होता. तिनं ओढणीनं मापं घेतली. जुनीची लांबी नवीच्या दुप्पट. रुंदी दुप्पट. उंचीही दुप्पट!

"मंग बरोबरंय की! निम्मीच झाली," सम्यक म्हणाला.

"कशाची निम्मी, शहाण्या? पळ, दुकानातून काडेपेट्या आण!"

आणि आता, सगळ्यांसमोर, प्रेरणानं पायरीवर एक काडेपेटी ठेवली.

"ही नवी टाकी. लांबी दुप्पट केली, दोन पेट्या लागल्या. रुंदी दुप्पट केली, चार लागल्या. आता उंची दुप्पट!" तिनं चारांवर चार रचल्या. "ही जुनी टाकी. मोजा!"

"आठ!" सगळा जिना एका सुरात ओरडला.

"लांबी, रुंदी, उंची, सगळंच निम्मं करा असं मीच सांगितलं होतं!" साहेब गुरगुरले. "निम्मं म्हणजे निम्मंच!"

"तीनदा निम्मं केलंत! निम्म्याचं निम्मं, अन् त्याचंही निम्मं! उरला आठवा हिस्सा. निम्मं पाणी हवं, तर असल्या चार टाक्या लागतील!"

साहेबांनी पेट्यांना लाथ मारली.

"लाथ मारून टाकी मोठी व्हत नसती, साहेब!" सत्यम ओरडला. जिन्यात हशा पिकला.

"शाब्बास, पोरांनो!" तळमजल्यावरचे सर्जेरावकाका म्हणाले. "आम्ही एवढे मोठे, पण एकानंही वर जाऊन बघितलं नाय. लाज वाटती!" ते पाना घेऊन आले अन् त्यांनी स्वतः बूच काढलं.

साहेब दाराकडं सटकू लागले. द्वारकाबाई आडव्या उभ्या राहिल्या.

"कुठं निघालात? चोर म्हणताना तर लई आवाज चढला व्हता. आता माफी कवा मागताय? इथंच, साऱ्यांसमोर... बोला की!"